मागच्या नटावरची रेघ

इंजिन उतरवायला पाऊण तास लागला. चेन काढली, सायलेन्सर सोडला, क्लचची केबल आणि पेट्रोलची नळी बाजूला केली, गंजलेले बोल्ट ठोकून बाहेर काढले आणि 97.2 सीसीचं ते धूड दोघांनी उचलून पोत्यावर ठेवलं. आबांची 2001 सालची स्प्लेंडर मधोमध रिकामी झाली. पुढचे पाच आठवडे त्या रिकाम्या जागेत काय आणि कसं बसवायचं, यातच गेले.

कायद्याचं आधीच सांगतो, नाहीतर कुणी हे वाचून उद्याच पाना हातात घेईल. कंपनीनं दिलेल्या गाडीत मनाला येईल तसा बदल करायला 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. पेट्रोलची गाडी विजेवर करायची तर किट एआयएस-123 या मानकानुसार तपासून मंजूर झालेलं लागतं. ही तपासणी पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्था करतात. मग आरटीओत आरसीवर इंधनाची नोंद बदलायची. आमच्या गाडीची पहिली पंधरा वर्षं 2016 ला संपली, वाढवून घेतलेली पाच 2021 ला. तिला पुन्हा रस्त्यावर आणायचं नव्हतंच. वडणग्याच्या मळ्यात घरापासून विहिरीपर्यंत आणि तिथून गोठ्यापर्यंत फिरली की बास. सगळं आमच्याच बांधाच्या आत.

जागेचा प्रश्न इतका मोठा का, ते एका हिशेबात कळतं. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण नऊ युनिट ऊर्जा निघते. मी जमवलेली बॅटरी म्हणजे 3.2 व्होल्टचे, 40 अँपिअर-अवरचे 24 सेल: 76.8 व्होल्ट, तीन युनिटांच्या किंचित वर. म्हणजे पेटीसकट पंचवीस किलोच्या वर वजन करून मी गाडीत जेमतेम 340 मिली पेट्रोल ओतलं होतं! पण इंजिन त्या पेट्रोलची बहुतेक ऊर्जा सायलेन्सरवाटे आणि सिलिंडरच्या पाकळ्यांवाटे हवेत घालवतं. लिटरला साठ किलोमीटर म्हणजे किलोमीटरला दीडशे वॉट-अवर झाले. मोटरवर तीच गाडी सपाटीला तीस-पस्तिसात भागवते. तळाला थोडा चार्ज राखून ठेवला तरी सत्तर किलोमीटर निघायला हरकत नाही. मळ्यात एवढं हिंडायचं तर गोल गोल फिरावं लागेल.

सेल यायच्या आधी मी पुठ्ठ्याची बॅटरी केली. जुन्या वह्यांचे पुठ्ठे मापात कापून 24 ठोकळे चिकटवले आणि फ्रेमच्या पाळण्यात बसवून पाहिले. पहिल्या मांडणीत पुढचा फोर्क दाबला की मडगार्ड पुठ्ठ्यावर घासायचं. दुसरीत गुडघा अडायचा. तिसरीत सगळं बसलं, पण पेटी आत घालायला वाटच उरली नाही. आधी पेटी धरून भोवती फ्रेम वेल्ड करावी लागली असती. शेवटी बाराचे दोन थर एकावर एक बसले आणि झाकण उजवीकडून उघडेल असं ठेवलं. हे पुठ्ठ्याचं काम बघायला शेजारची दोन पोरं रोज येत होती. मोटर आल्यावर मात्र त्यांचा रस गेला.

सेल मालिकेत जोडण्याआधी एका पातळीवर आणावे लागतात. सगळे एकत्र समांतर जोडले, पॉवर सप्लायवर 3.65 व्होल्ट लावले आणि वाट बघत बसलो. 24 सेल समांतर म्हणजे 960 अँपिअर-अवरचा हौद, त्यात दहा अँपिअरची बारीक धार. दोन दिवस आणि दोन रात्री लागल्या. आईनं दोनदा विचारलं, "झालं का न्हाई अजून? कुकरला एवढा येळ लागत न्हाई."

मग मालिका. पान्यांना दांड्यापासून तोंडाच्या टोकापर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळली, हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवलं. घरातल्या 230 व्होल्टला आपण घाबरतो, पण तो प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगीला विझायला सवड मिळते. बॅटरीचा प्रवाह कधीच शून्यावर येत नाही. एकदा चाप पेटला की तो धातू खात पेटता राहतो. म्हणूनच इथं एमसीबीसुद्धा डीसीचाच लागतो. एवढं सगळं वाचून-समजून मी मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरचा कनेक्टर सरळ बॅटरीला लावला. फट्! निळी ठिणगी उडाली, पितळी पातीवर मुगाएवढा खड्डा पडला आणि मी मागं सरकताना रॉकेलचा डबा सांडला. कंट्रोलरच्या पोटातले रिकामे कपॅसिटर एका दमात भरायला धावतात, त्याची ती ठिणगी. आता आधी शंभर ओहमच्या रेझिस्टरमधून दोन-तीन सेकंद भरून घेतो, मगच मुख्य जोड लावतो. दहा-वीस रुपयांची वस्तू.

मोटर मागच्या चाकाच्या हबमध्येच आहे, दोन किलोवॉटची. तिच्यातून तीन जाड वायरी आणि पाच बारीक निघतात. बारीक वायरी हॉल सेन्सरच्या: चाक हातानं हळूहळू फिरवलं की मीटर पाच, शून्य, पाच, शून्य असं दाखवतो. चुंबक कुठं आलाय ते कंट्रोलरला यावरून कळतं. मोटरचा आणि कंट्रोलरचा पिवळा-हिरवा-निळा एकमेकांशी जुळेलच असं नाही. तीन जाड वायरींच्या सहा जोडण्या होतात, त्या एकेक करून पाहायच्या. पहिलीला चाक जागच्या जागी थरथरलं आणि दातओठ खाल्ल्यासारखा आवाज आला. मोकळ्या चाकाला बारा अँपिअर. लगेच बंद केलं. दुसरी तशीच. चौथीला चाक गुळगुळीत फिरलं, दीड अँपिअरही नाही, पण उलटं! मग दोन बारीक वायरींची अदलाबदल केली आणि जाड वायरींचा शोध पुन्हा पहिल्यापासून. त्या संध्याकाळी कागदावर बारा ओळींचा तक्ता झाला आणि नवव्या ओळीवर मी बरोबरची खूण केली.

मळ्यातल्या कामाला रिव्हर्स किती उपयोगी, हे मात्र त्या चुकीमुळेच सुचलं. कंट्रोलरला त्याची वेगळी वायर होती, तिला बटण जोडलं.

हब मोटरचा धोका तिच्या अक्षात आहे. साध्या चाकाचा अक्ष नुसता भार उचलतो. इथं मोटर चाक पुढं ढकलते, तेवढ्याच जोरानं अक्षाला उलटं पिळते, आणि वायरी त्या अक्षातूनच बाहेर येतात. नट सैल झाला नि अक्ष खाचेत फिरला की वायरी पीळ बसून तुटणार. म्हणून अक्षाच्या चपट्या बाजू घट्ट धरणारी पट्टी लागते. ती कापून घ्यायला मी शिवाजी उद्यमनगरात गेलो आणि मिस्त्रींना म्हटलं, चार एमएम पुरेल.

त्यांनी अक्ष हातात घेऊन अंगठ्यानं चपटी बाजू चाचपली. "भावा, आठ घे. हितं सगळा जोर बसणार हाय. आणि खाच मोठी करू नगंस, घासून बसव."

खाच त्यांनी मुद्दाम लहान ठेवली. घरी कानस घेऊन दोन तास घासलं. अक्ष हातोडीच्या लाकडी मुठीनं ठोकून आत गेला. पट्टी स्विंगआर्मला दोन बोल्टांनी बांधली. सगळ्या कामात मला खरा आनंद कुठं झाला असेल तर या पट्टीचा. बाकीचं सगळं कुरिअरनं आलं होतं.

गाडी चालते. पहिल्यांदा म्हशीला मागून हॉर्न द्यावा लागला, तिला काही ऐकूच आलं नाही. मागचं चाक जड झाल्यामुळे पाटाच्या चरावर कंबरेला दणका जाणवतो. विहिरीजवळच्या चढाला, मागं खताचं पोतं असलं की, मोटर कुथते. गिअर नाही, त्यामुळे पहिल्यावर टाकून चढवायची सोय गेली. तेवढा चढ झाला की मी चाकाच्या हबला हात लावून बघतो. पावसाळा अजून बघायचाय. कंट्रोलर सीटखाली आहे आणि त्या सीटला दोन ठिकाणी शिवण उसवलीय.

नट आवळल्यावर मी बहिणीच्या नेलपॉलिशनं नटावरून पट्टीपर्यंत एक आडवी रेघ ओढून ठेवली होती. आबांना मोटर, हॉल सेन्सर यात गम्य नाही, पण ती रेघ त्यांना पटली. सकाळी धार काढून झाली की गाडीमागं उकिडवे बसून ते ती बघतात आणि मला "जाग्याव हाय" असं ओरडून सांगतात. परवा काही ओरडले नाहीत. मी बाहेर आलो तर ते तसेच बसलेले, नखानं दाखवत होते: रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून तांदळाच्या दाण्याएवढे सरकले होते. मी पाना आणायला आत गेलो.