तिसऱ्या रांगेत कोण बसणार?

दादानं बोलावलं तेव्हा गाडी परभणीत गंगाखेड रोडवरच्या एका गॅरेजसमोर लिंबाच्या सावलीत उभी होती. पांढरी अर्टिगा, एमएच-१२ पासिंग, आरसीवर वर्ष २०१४. धुऊन, पॉलिश मारून आणलेली, आत अत्तराचा वास. दादा चाव्या हातात घेऊन उभा होता आणि त्याचा चेहराच सांगत होता की गाडी मनात भरली आहे. मिस्त्रीनं मात्र बॉनेटला हातही लावला नाही. त्यानं मागचं दार उघडलं, मधली सीट पुढे पाडली, तिसऱ्या सीटपर्यंत वाकून गेला आणि तिथला पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला. एरवी आत गुंडाळलेला राहणारा वीतभर भाग बाहेर आला. त्यावर आडवी, फिकट मातकट रेघ होती.

"काका, ही गाडी पाण्यात उभी होती. सीट धुतात, मॅटिंग बदलतात. पट्टा कुणी एवढा ओढून धूत नाही."

ती गाडी आम्ही घेतली नाही. पण त्यानंतर महिनाभर परभणी, मानवत, नांदेड असं फिरताना एक गोष्ट पक्की कळली. सात माणसांची गाडी पाहायची तर पाहणी मागून सुरू करायची. लोक चाक, रंग, टचस्क्रीन बघतात, स्टेअरिंगवर बसून बघतात. तिसऱ्या रांगेत बसून कुणी बघत नाही. आणि अर्टिगाच्या जुन्या-नव्या पिढ्यांमधला खरा फरक तिथेच बसल्यावर कळतो.

या गाडीचं नावच मुळात तिसऱ्या रांगेवरून आलेलं आहे. २०१० च्या ऑटो एक्स्पोमध्ये मारुतीनं 'आर थ्री' नावाचा तीन रांगांचा नमुना मांडला होता. इंडोनेशियन भाषेत तीनला 'तिगा' म्हणतात. 'आर तिगा' म्हणजेच अर्टिगा. गाडी बाजारात आली एप्रिल २०१२ मध्ये, दिल्लीतला एक्स-शोरूम भाव ५.८९ लाखांपासून. त्याआधी आपल्याकडे घरच्या मोठ्या गाडीचे पर्याय मोजकेच. १९८४ पासूनची मारुती व्हॅन, जी पुढे ओम्नी झाली. नंतर सुमो, क्वालिस, आणि २००५ नंतर ज्याला परवडेल त्याला इनोव्हा. लग्नाचा बस्ता असो की तुळजापूरची वारी, बाकीचे काळीपिवळीनं किंवा भाड्याच्या गाडीनं जायचे. कारसारखी चालणारी, कारइतकीच खाली असलेली आणि तरी सात जणांची गाडी नोकरदार माणसाच्या आवाक्यात पहिल्यांदा आली ती ही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्या विक्रीनं दहा लाख गाड्यांचा टप्पा ओलांडला.

पहिली पिढी २०१२ ते २०१८. सुरुवातीची लांबी ४,२६५ मिलिमीटर. पेट्रोलचं १,३७३ सीसी इंजिन आणि डिझेलचं १,२४८ सीसी, मूळ फियाटचं. या डिझेलवर आपल्या भागातल्या लोकांचा अजून जीव आहे. टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. लांबच्या रस्त्याला अॅव्हरेज चांगलं. दोन लाख किलोमीटर झालेल्या गाड्याही चालताना दिसतात. पण या पिढीत तिसरी रांग उभी ठेवली की डिक्की उरते १३५ लिटरची. म्हणजे सात माणसं बसली तर सात जणांच्या पिशव्या मांडीवर. मी स्वतः त्या रांगेत परभणी ते जिंतूर बसून गेलो. गुडघे वर येतात, मांड्या सीटला टेकत नाहीत आणि प्रत्येक गतिरोधकाला कण्यात कळ येते. दहा वर्षांचं पोर तिथे आरामात झोपेल. पण पोरं दहा वर्षांची किती दिवस राहतात?

दुसरी पिढी २१ नोव्हेंबर २०१८ ला आली. नवा सांगाडा, ज्याला कंपनी हार्टेक्ट म्हणते, आणि १,४६२ सीसीचं पेट्रोल इंजिन. लांबी ४,३९५ मिलिमीटर, रुंदी ४० मिलिमीटरनं जास्त. दोन चाकांमधलं अंतर मात्र तेच राहिलं, २,७४० मिलिमीटर. वाढलेली लांबी कुठे गेली हे मागे बसल्यावर समजतं. तिसऱ्या रांगेत मोठा माणूस बसू शकतो, पाठ थोडी मागे करू शकतो आणि तरी मागे २०९ लिटरची डिक्की राहते. दोन मध्यम बॅगा आणि एक डबा, हे आम्ही प्रत्यक्ष ठेवून पाहिलं.

म्हणून "२०१८ चं मॉडेल आहे" असं कुणी सांगितलं की तिथेच थांबा. त्या वर्षाच्या दोन्ही पिढ्या बाजारात आहेत आणि विकणारा वर्ष सांगतो, पिढी सांगत नाही. मागचे दिवे बघितले की काम भागतं. नव्या पिढीचे दिवे इंग्रजी एल अक्षरासारखे काचेच्या बाजूनं वर चढतात, जुन्या पिढीचे खालीच थांबतात. एवढ्या एका खुणेवर भावात मोठा फरक पडायला हवा. बऱ्याच ठिकाणी तो पडत नाही.

आता नवी गाडी. एप्रिल २०२२ मध्ये इंजिन सुधारलं, पेट्रोलचं कागदावरचं अॅव्हरेज लिटरला २०.५१ किलोमीटर झालं आणि चार गिअरच्या ऑटोमॅटिकच्या जागी सहा गिअरचं आलं. जुलै २०२५ पासून सगळ्या मॉडेलमध्ये सहा एअरबॅग आहेत. सुरक्षेचा विषय नीट सांगायला हवा, कारण शोरूममध्ये फक्त एअरबॅगचा आकडा ऐकू येतो. २०१९ मध्ये ग्लोबल एनकॅपनं दुसऱ्या पिढीची गाडी आपटून पाहिली तेव्हा तिला तीन तारे मिळाले. जुलै २०२४ मध्ये आफ्रिकेसाठीची, पण भारतातच बनलेली अर्टिगा नव्या, कडक नियमांनी तपासली तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला आणि सांगाडा अस्थिर ठरवला गेला. तेव्हा दोन एअरबॅग होत्या. आता सहा आहेत ही मोठी सुधारणा आहे, पण सांगाड्याचा पाया तोच आहे. मला स्वतःला हा विचार अस्वस्थ करतो आणि सात जणांच्या कुटुंबानं तो मनात ठेवूनच वेग ठरवावा असं वाटतं.

तरीही जुन्यातलं जुनं घेण्यापेक्षा हे बरं. २०१२ च्या सर्वांत स्वस्त मॉडेलमध्ये एअरबॅगही नव्हत्या आणि एबीएसही नव्हतं. एबीएस आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीची गाडी घ्यायची तर मॉडेलचं पूर्ण नाव विचारा, स्टेअरिंगवरची खूण बघा, किल्ली फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागून विझतो का ते बघा.

इंधनाचं गणित परभणीसारख्या जिल्ह्यात वेगळं होतं. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, त्यामुळे डिझेल अर्टिगा हवी असेल तर ती जुनीच मिळणार. आज रोज शंभर-दीडशे किलोमीटर फिरणाऱ्या माणसानं तिचा विचार जरूर करावा. महिन्यातून दोनदा औंढ्याला आणि वर्षातून एकदा पंढरपूरला जाणाऱ्या कुटुंबानं करू नये. इंजेक्टर किंवा टर्बोचं एकच मोठं काम निघालं की दोन-तीन वर्षांची इंधनातली बचत जाते. दिल्लीकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. त्या घेताना ना-हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भावात धरा, मग स्वस्ताई किती उरते ते बघा.

सीएनजीची गाडी किलोला कागदावर २६ किलोमीटर जाते. पण तिचा ६० लिटरचा सिलिंडर बसतो कुठे? तिसऱ्या रांगेच्या मागे, डिक्कीत. ज्या जागेसाठी दुसरी पिढी घ्यायची तीच जागा जाते. वर टपाला कॅरिअर लावावं लागतं. जुन्या गाडीत बाहेरून किट बसवलेलं असेल तर आरसीवर सीएनजीची नोंद आहे का आणि सिलिंडरची तीन वर्षांची चाचणी झाली आहे का, हे कागदावर बघायचं, तोंडी ऐकायचं नाही.

पेट्रोलमध्येही एक नवी गोष्ट आली आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्या हिशेबानं बनतात, त्याआधीच्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या पद्धतीच्या चारचाकीचं अॅव्हरेज सहा-सात टक्के कमी होईल असा अंदाज होता. पहिल्या पिढीच्या पेट्रोल गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या मिस्त्रीकडून बघून घ्या, हा त्यातला साधा उपाय.

आणि एसी. मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, हे शोरूमच्या माहितीपत्रकात कुठे लिहिलेलं नसतं. मधल्या आणि मागच्या रांगेसाठी वेगळे झोत असतात, पण स्वस्त मॉडेलमध्ये ते नसतात. दुपारी दोन वाजता, गाडी उन्हात तासभर उभी करून, मग तिसऱ्या रांगेत बसून एसी लावायला सांगा. सकाळी सातला दाखवलेल्या गाडीचा एसी सगळ्यांचाच चांगला असतो.

"त्यापेक्षा जुनी इनोव्हा घ्या ना." हे वाक्य आम्हाला किमान दहा जणांनी ऐकवलं. त्यात तथ्य आहे. २००५ ची इनोव्हा आणि २०१६ ची क्रिस्टा दोन्ही ट्रकसारख्या चासीवर बांधलेल्या, मागच्या चाकांना जोर देणाऱ्या. खराब रस्त्यावर त्यांची बैठक वेगळीच. डिसेंबर २०२२ मध्ये भाव जाहीर झालेली हायक्रॉस मात्र पूर्ण बदलली. तिला वेगळी चासी नाही, जोर पुढच्या चाकांना, आणि हायब्रिडमध्ये लिटरला २३ च्या वर अॅव्हरेज. गाडी उत्तम, पण आमच्यासारख्यांच्या हिशेबाबाहेर. राहिली ती जुनी इनोव्हा. तिची अडचण अशी की तिची किंमत उतरत नाही आणि आयुष्याचा मोठा भाग तिनं बहुधा पिवळ्या पाटीवर काढलेला असतो. पांढरी पाटी आता लागलेली असते. आरसीचा इतिहास आणि कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिसची नोंद बघितल्याशिवाय मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. क्लच आणि ब्रेकच्या पॅडलवरचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तर मीटरवरचे साठ हजार खोटे.

तशा खुणा पुष्कळ आहेत. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. सगळ्या काचांवर वर्षाची खूण असते. पाच काचा २०१९ च्या आणि एक २०२२ ची असेल तर ती का बदलली ते विचारा. बॉनेटच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर बॉनेट कधीतरी उतरवलेलं आहे.

पैशाचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलात चार मीटरहून लांब असलेल्या अर्टिगाचा कर ४५ वरून ४० टक्क्यांवर आला, सुरुवातीचा भाव ८.८० लाख झाला. त्यावर आपल्या राज्यात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, शिवाय विमा. विमा कंपन्यांच्या तक्त्यात चार ते पाच वर्षांच्या गाडीचं मूल्य पन्नास टक्के धरतात. ती घसरण आधीच्या मालकानं सोसलेली असते, आणि म्हणूनच मला चार ते सहा वर्षांची, दुसऱ्या पिढीची, एकाच मालकाची पेट्रोल गाडी मध्यम घरासाठी सर्वांत योग्य वाटते. २०१२-१३ ची गाडी भावानं स्वस्त दिसते, पण पंधरा वर्षं जवळ आली की पुनर्नोंदणी आणि हरित कर समोर उभे राहतात. नव्यासाठी कर्ज झेपत असेल तर जुलै २०२५ नंतरचीच घ्या. त्याच्या थोडीच आधीची, दोन एअरबॅगची गाडी किरकोळ सवलतीसाठी घेऊ नका.

कागदपत्रांत कर्जाचा बोजा उतरला आहे का ते आधी. मग मालकी बदलण्याचे नमुने २९ आणि ३०, आणि दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर २८ ची एनओसी. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तो गाडीला चिकटलेला नसतो. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट लावली आहे का तेही बघा.

शेवटी आम्हाला गाडी सापडली नांदेडला. एमएच-२६, २०१९ ची, पेट्रोल, एका शिक्षकाच्या घरची. दादा या वेळी स्टेअरिंगकडे गेलाच नाही. तो तिसऱ्या रांगेत जाऊन बसला, मधली सीट एक खाच पुढे सरकवायला लावली आणि अर्धापूरपर्यंत तसाच बसून आला. परतताना त्यानं पट्टा शेवटपर्यंत ओढून बघितला. कोरा होता. आईला सोबत नेलं होतं. गेली चार वर्षं तिचे गुडघे दुखतात, बोलेरोत चढताना तिला दोघांनी धरावं लागायचं. तिनं दार धरलं, आधी बसली, मग एकेक पाय आत घेतला.

"हिच्यात मला कुणी धरायची गरज नाही," ती म्हणाली आणि पदर आत ओढून तिनं दार स्वतःच लावून घेतलं.