पाट्याला टाकी, इंजिनाला रनिंग

मैत्रिणींनो, आमच्या ओम्नीचं इंजिन एका वर्षात दोनदा उतरवावं लागलं. पहिल्यांदा चूक सरळसरळ माझी होती. दुसऱ्यांदा मात्र घरातल्या सगळ्यांनी मिळून इतकी काळजी घेतली, की त्या काळजीनंच घात केला.

माझा डब्यांचा व्यवसाय. कराडहून तासवडे एमआयडीसीत रोज दुपारी ६० डबे जातात. आधी रिक्षा ठरवलेली होती, पण रिक्षावाल्याच्या लहरीवर भाजी गार होणार की गरम हे ठरायचं. म्हणून २०१६ मध्ये जुनी ओम्नी घेतली, लायसन्स काढलं आणि स्वतःच चालवायला लागले. "बाई डबे घेऊन हायवेला जाते," याचं कौतुक चार दिवस झालं आणि मग लोक विसरले. बरंच झालं.

२०१८ च्या मे महिन्यात हायवेवर गाडी तापली. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटच्या खालीच असतं, त्यामुळे चटका सगळ्यात आधी आपल्यालाच बसतो. काटा वर गेलेला दिसत होता. पण घड्याळात पावणेएक झालेले, माणसं जेवायची थांबलेली, आणि दोन किलोमीटर तर राहिलेले. म्हटलं, पोचू. पोचले नाही. पाण्याचा पाइप फुटला होता, पाणी सगळं रस्त्यावर, आणि इंजिन जाम. ते दोन किलोमीटर मला ३१ हजारांना पडले. लेकीच्या क्लाससाठी साठवलेली भिशी त्यात गेली.

गॅरेजवाल्यानं इंजिन बांधून दिलं आणि एवढंच सांगितलं, "हजार किलोमीटर सांभाळून चालवा." आता सांभाळून म्हणजे काय, हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मग घरात सल्ल्यांचा पाऊस. आमचे हे म्हणाले, चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. मामंजींनी ॲम्बेसेडर आणि फियाटच्या काळातली आठवण काढली, नव्या गाडीच्या मागच्या काचेवर म्हणे 'रनिंग इन' अशी पाटी लावायचे, म्हणजे मागच्यानं हॉर्न न मारता पुढे जावं. धाकटे भाऊजी उलट्या टोकाचे. "वहिनी, पहिल्याच दिवशी पुण्याला घेऊन जा आणि सणसणीत पळवा, इंजिन मोकळं होतं." त्यांचं कोणी ऐकलं नाही. रोज सकाळी अंगणात अर्धा तास गाडी नुसती चालू करून ठेवायची, आणि मग गोगलगाईसारखी गावातून फिरवायची. मी तर पाय पेडलवर नुसता टेकवायची. नव्या सुनेलासुद्धा कोणी इतकं जपत नाही.

चार महिन्यांत गाडीमागे निळा धूर दिसायला लागला. ऑइलची पट्टी काढून बघावी तर तेल गायब. पाचशे किलोमीटरला अर्धा लिटर तेल ओतायचं म्हणजे डब्यातला नफा इंजिनच पिऊन टाकणार. प्लग काढला तर काळा, तेलकट. पहिल्या गॅरेजवाल्यानं हात वर केले. म्हणाला, "तुम्ही रनिंग नीट केलं नाही." अहो, पण मग ते नीट म्हणजे कसं, हे आधी सांगायचं ना!

मलकापूरच्या बाजूला एक वयस्कर मिस्त्री आहेत, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी हेड उघडलं आणि मला जवळ बोलावलं. "वैनी, त्रास दिला म्हणून न्हाई, आरामच लई दिला म्हणून हे झालंय. बघा की, आरसा झालाय." सिलिंडरची भिंत खरंच चकचकीत होती. मला वाटलं, चांगलंच आहे की. तर ते हसले.

पुन्हा बोअर, थोडे मोठे पिस्टन, नव्या रिंगा. या वेळी माझ्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या. मन इतकं धास्तावलं होतं, की यांनी "गाडी विकून टाकू, परत रिक्षा लावू" म्हटलं तेव्हा मी अर्धी तयार झाले होते. पण लेथवरून ब्लॉक परत आल्यावर मिस्त्रींनी आतली भिंत दाखवली. तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा होत्या, मुद्दाम पाडलेल्या. तिला ते होनिंग म्हणतात. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "म्हणजे पाट्याला टाकी लावतात तसंच की!"

अगदी तसंच. पाटा गुळगुळीत झाला की चटणी वाटली जात नाही, नुसती घसरते. म्हणून टाकी लावून घ्यायची. सिलिंडरच्या त्या रेघांत तेल धरून राहतं, आणि रेघांची बारीक टोकं नव्या रिंगेला घासून भिंतीच्या मापाची करतात. रिंग आणि भिंत एकमेकींना अशा बसल्या, की वरचा दाब खाली निसटत नाही आणि खालचं तेल वर येत नाही. सगळी मेख त्या बसण्यात आहे.

आता गंमत ऐका. रिंग भिंतीला चिकटते ती फक्त स्वतःच्या ताणानं नाही. पेट्रोल पेटलं की त्याचा दाब रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. पेडल जरा दाबलं तर हा दाब मिळतो. माझ्यासारखं नुसता पाय टेकवून महिनोन् महिने चालवलं, किंवा अंगणात उभी करून फुरफुरत ठेवली, तर दाबच पडत नाही. रिंग बसत नाही, तेल वर येऊन जळतं आणि त्याचा चिकट थर त्या रेघांत भरतो. झाला आरसा! मग पुढे कितीही पळवा, उपयोग नाही. रेघांची टोकं धारदार असतात ती सुरुवातीलाच, म्हणून पहिले काही किलोमीटर सगळ्यात मोलाचे.

मग भाऊजींचं बरोबर होतं का? अर्धंच. नव्या भागांत घर्षण जास्त, त्यामुळे उष्णता जास्त. पेडल तळाला टेकवून ताणत नेली, की तेलाचा पातळ थर तुटतो, भिंतीवर ओरखडे येतात, पिस्टन फुगून अडकायचीही भीती. म्हणजे लाडही नकोत आणि छळही नको.

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी मलाच चालवायला बसवलं. हे येतो म्हणाले होते, तर मिस्त्री म्हणाले, "रोज चालवणार कोण? त्यांनीच करायचं." पहाटे, रस्ता रिकामा असताना, रिकामी गाडी घेऊन आम्ही पाटण रस्त्याला लागलो. आधी मल्हारपेठच्या दिशेनं सावकाश, इंजिन नीट गरम होईपर्यंत. मग तिसऱ्या गिअरमध्ये ३० चा वेग, तिथून अर्धं पेडल दाबून ६० पर्यंत, आणि मग पाय पूर्ण काढून घ्यायचा. न्यूट्रल नाही करायची, गिअरमध्येच ३० पर्यंत उतरू द्यायची. पाय काढला की सिलिंडरमध्ये ओढ तयार होते, तेल वर खेचलं जातं आणि रिंगा-भिंतींना गारवा मिळतो. असं दहा-बारा वेळा. मला पाळण्यात बसल्यासारखं मळमळायला लागलं होतं! मधेच थांबून सीट उचलून बघितलं, कुठे गळत नाही ना. मग गाडी पूर्ण गार होऊ दिली आणि पाणी, तेल पुन्हा बघितलं.

पुढचे हजार किलोमीटर मी डबे नेतच होते, पण पहिल्या आठवड्यात दोन खेपा करून, अर्धं ओझं. हायवेवर एकाच वेगानं तासभर जायचं नाही, वेग कमी-जास्त करत राहायचं. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी गुदमरवायची नाही, खालचा गिअर टाकायचा. हे मला सगळ्यात जड गेलं, कारण पेट्रोल वाचावं म्हणून मी लगेच टॉप टाकायची. मिस्त्री म्हणायचे, "हळू चालवणं येगळं, कुथवणं येगळं."

तेल त्यांनी साधंच घातलं होतं, महागडं सिंथेटिक मी विचारलं तर म्हणाले, रिंगा बसू देत, मग बघू. आणि ३०० किलोमीटरला फिल्टरसकट बदललं. मला ते पैसे वाया वाटले, तेल तर नवंच होतं. त्यांनी जुनं तेल पांढऱ्या घमेल्यात ओतून उन्हात धरलं. आत चांदीच्या वर्खासारखी चमक! घासून निघालेला धातू. टाकी लावलेल्या पाट्यावर पहिलं वाटण आपण टाकूनच देतो ना, दगडाची कच लागते म्हणून? तेच हे. हजारला पुन्हा बदललं, तेव्हा चमक जवळजवळ नव्हती.

सुरुवातीला तेल थोडं कमी होतं, तेव्हा घाबरू नका, पण रोज सकाळी गाडी सपाट जागी, गार असताना पट्टी बघाच. मी चहा टाकला की पट्टी बघते. आणि इंजिन बांधून घेताना बिलावर काय काय बदललं ते लिहून घ्या, जुने सुटे भाग मागून घ्या. मी दुसऱ्या वेळी घेतले. गोणी अजून माळ्यावर आहे, सासूबाई रोज ओरडतात.

हे सगळं बांधलेल्या इंजिनाचं. कोरी नवी गाडी घेतली असेल, तर एवढी कवायत नको. आताच्या कारखान्यांत भिंतीचं काम इतकं बारीक होतं, की पूर्वीसारखं भीत भीत चालवायला नको. पण पहिल्या हजार किलोमीटरला पेडल तळाला नको, एकच वेग तासन् तास नको, ओढकाम नको. तेल मात्र स्वतःच्या मनानं बदलू नका, गाडीबरोबरच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघा. ते पुस्तक बहुतेक घरांत प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच येत नाही.

ओम्नी बनवणं कंपनीनं २०१९ मध्ये बंद केलं. म्हणजे आता हीच टिकवायची. पाटल्या पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या आत सुटल्या. निळा धूर परत दिसलेला नाही, तेल एका बदलापासून दुसऱ्या बदलापर्यंत पट्टीच्या दोन खुणांच्या मध्येच असतं. काटा जरा हलला तरी मात्र मी गाडी बाजूला घेते. एकदा अशीच थांबले, तर डबे पाऊण तास उशिरा पोचले आणि एमआयडीसीतल्या एका साहेबांनी फोनवर बरंच सुनावलं. ऐकून घेतलं. ३१ हजारांपेक्षा ते स्वस्तच होतं.