गिऱ्हाईक कुठे आहे?

मालाला भाव असणे आणि मालाला गिऱ्हाईक असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मंडईतल्या भाजीवालीला हे शिकवावे लागत नाही. दिवेलागणी झाली की मेथीची उरलेली जुडी ती पडेल त्या भावाने देऊन मोकळी होते. आमची शिकलीसवरलेली मुले मात्र मोबाइलच्या पडद्यावरचा आकडा पाहतात आणि तेवढे पैसे खिशात आलेच असे धरून चालतात!

मुळशी धरणाजवळचे माले हे आमचे मूळ गाव. गेल्या गणपतीत तिथे गेलो, तेव्हा चुलतभावाने मला ओटीवर बसवून घेतले. त्याचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला. फीसाठी दिलेले पैसे चिरंजीवांनी कसल्याशा नव्या क्रिप्टो नाण्यात घातले होते.

"दादा, फी भरायला आठ दिवस उरलेत. हा म्हणतो, लाख रुपये आहेत. मग विकून का टाकत नाही?"

मी मुलाला खरेदीदारांची यादी उघडायला सांगितली. त्याच्याजवळ १,००० नाणी. शेवटचा सौदा १०० रुपयांना झालेला. पण १०० रुपये देणारे गिऱ्हाईक फक्त १०० नाण्यांना होते. पुढच्या २०० नाण्यांना ९६, त्यापुढच्या ३०० ना ८८, आणि उरलेल्या ४०० ना अवघे ७५! सगळी एकदम विकली तर हाती ८५,६००. शिवाय जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का कर आधीच कापला जातो. लाखाचा आकडा कुणी खोटा लिहिला नव्हता. तो शंभर नाण्यांचा भाव होता, हजारांचा नव्हे.

बिटकॉइनसारख्या मोठ्या नाण्याला गिऱ्हाईक पुष्कळ. पण घबराट झाली की तेही मागे सरते. १० ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेने चिनी मालावर जबर जकातीची घोषणा केली आणि एका दिवसात उसनवारीवर केलेले १९ अब्ज डॉलरांहून अधिक रकमेचे सौदे बाजारानेच परस्पर मोडून टाकले. तिथे मालकाला कोण विचारतो?

कधी तर दारच बंद होते. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरांची नाणी चोरीस गेली. व्यवहार थांबले, ते ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले. मधल्या डिसेंबरात बिटकॉइनने लाख डॉलर ओलांडले. ज्यांची नाणी आत अडकली होती, त्यांनी तो भाव नुसता पाहिला.

यावर भाऊ म्हणाला, "आपली जमीन तरी कुठे चटकन विकली जाते?" खरे आहे. पण जमीन विकली गेली नाही तरी पिकते. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर उभे राहिलेल्या मुळशीच्या शेतकऱ्यांनी 'जान किंवा जमीन' म्हटले, ते काय उगीच? खाचरातला आंबेमोहोर गिऱ्हाइकाची वाट न पाहता घरच्या ताटात येतो. न विकलेल्या नाण्याचा भात शिजत नाही. त्याची सारी किंमत सुटकेच्या वाटेवर. आणि ती वाटच अरुंद!

मुलाने चार दिवसांत थोडी थोडी नाणी विकली. कर जाऊन ८९,००० च्या आसपास हाती आले. उरलेले भाताच्या पैशांतून भरले.

वाचकहो, तुमच्या घरीही असा एखादा चिरंजीव असेल. त्याला रागावू नका. एवढेच सांगा, की मोठी रक्कम घालण्याआधी थोडी घाल, ती विकून पैसे बँकेत आणून दाखव. आणि ज्या पैशाला फीची, लग्नाची किंवा दवाखान्याची तारीख बांधलेली आहे, त्याला या बाजाराचा उंबरा ओलांडू देऊ नका.