गॅलरीचा हिशोब

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली आणि हिंदुस्थानात सिनेमा आला. हॉटेलची इमारतही तितकीच नवलाची. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार झाला, जहाजानं मुंबईत आला आणि १८६०च्या दशकात काळ्या घोड्याजवळ जोडून उभा राहिला.

त्या खेळाला तीन महिने व्हायच्या आतच मांडवीत प्लेगचा रुग्ण सापडला. रोग ओळखणारे डॉ. अकासियो व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. मेट्रो सिनेमासमोरचा त्यांचा पुतळा पाहायला आज क्वचितच कुणी थांबतं. पण चाळींच्या मुंबईची गोष्ट त्यांच्यापासून सांगायला हवी. प्लेगच्या धसक्यानं १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं दाट वस्त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते काढले आणि कामकऱ्यांसाठी चाळी बांधल्या. १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळींची भर पडली. अशा एकूण २०७ इमारती उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची, आणि संसार खरा चालायचा तो गॅलरीत.

सात बेटं भराव घालून जोडलेल्या या शहरात जमीन कायमच अपुरी. १८६०च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली गेली, मोकळ्या झालेल्या जागेवर हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर उभे राहिले. पाडण्यातून घडणं हे मुंबईच्या रक्तातच आहे. म्हणून जुनं ते सगळं जसंच्या तसं ठेवा, असा हट्ट इथे कुणी धरू नये. प्रश्न एवढाच की काय पाडायचं ते कोण ठरवतं, आणि कशाच्या आधारावर.

१९९५ साली मुंबईनं वारसा इमारतींसाठी नियमावली केली. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं शहर. तीन श्रेण्या ठरल्या, सल्लागार समिती नेमली गेली. या संरक्षणाला नागरिकांच्या चिकाटीची जोड मिळाली आणि २०१८ साली ओव्हल मैदानाच्या पूर्वेकडच्या गॉथिक इमारती आणि पश्चिमेकडच्या आर्ट डेको इमारती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. हे यश मोठं आहे.

मात्र गिरगाव, काळबादेवी, भेंडी बाजारात हिशोब वेगळा होता. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर बांधली. भाडेकरूंना आसरा मिळाला, पण घरमालकाला डागडुजीत पैसा घालण्याचं कारण उरलं नाही. जिने कुजले, तुळयांना टेकू लागले. पागडीवर खोल्या हातोहात फिरत राहिल्या. १९६९च्या कायद्यानं दुरुस्तीसाठी उपकर आणि मंडळ आणलं. पण १९ हजारांहून अधिक इमारतींना तो पैसा कुठे पुरणार? मग पुनर्विकास. बिल्डरनं भाडेकरूंना फुकट घर द्यायचं आणि बदल्यात वाढीव चटईक्षेत्र विकायचं. म्हणजे चाळ उभी असताना कुणालाच काही देत नाही, पाडली की सगळ्यांना देते. त्यातच १९९९ साली तिसऱ्या श्रेणीतल्या आणि वारसा परिसरांतल्या उपकरप्राप्त इमारतींना वारसा समितीच्या मंजुरीतून सूट मिळाली. सर्वसामान्यांच्या घरांचं जे कुंपण १९९५ साली उभं राहिलं होतं, ते चार वर्षांतच मोडलं. या लेखकाच्या मते मुंबईच्या वारशाचं सर्वांत मोठं नुकसान त्या एका दुरुस्तीनं केलं.

गिरगावातल्या खोताच्या वाडीत एके काळी लाकडी जिन्यांची, कौलारू अशी पासष्टच्या आसपास घरं होती. आता निम्मीही उरलेली नाहीत.

दुसरी बाजूही तितकीच खरी. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसं गेली. सार्वजनिक संडासासमोर पहाटे रांग लावणाऱ्या बाईला चाळीचं सौंदर्य सांगायचा हक्क बाहेरच्याला नाही. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तो आनंद त्यांचा हक्काचाच आहे.

तरीही दुरुस्त करून राहण्याचा तिसरा मार्ग कागदावर कधी नीट मांडलाच गेला नाही. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाला तो मार्ग मिळाला. महापालिका, एक खासगी प्रतिष्ठान आणि वारसा जतन करणारी इंटॅक ही संस्था एकत्र आले, पैसा उभा राहिला, कसबी कारागीर मिळाले आणि २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार आला. चाळीसाठी असा पैसा कुणी मोजला नाही. लोकमान्यांच्या हाकेनंतर १८९३ साली जिथे सार्वजनिक गणपती बसला, ती गिरगावातली केशवजी नाईक चाळही याच हिशोबात अडकलेली.

वॉटसन हॉटेल पुढे एस्प्लनेड मॅन्शन झालं. खोल्याखोल्यांत वकिलांच्या कचेऱ्या आणि दुकानं थाटली गेली. २००५ साली त्याच्या गॅलरीचा काही भाग कोसळला. इमारत पाडावी, असं आयआयटीच्या अहवालानं सुचवलं; वारसाप्रेमी त्याविरुद्ध कोर्टात उभे राहिले. २०१९ साली हायकोर्टाच्या आदेशानं ती रिकामी झाली. शेवटचे भाडेकरू आपली कपाटं आणि फायली घेऊन खाली उतरले, तेव्हा रस्त्यापलीकडे विद्यापीठाच्या दगडी इमारतींना जागतिक वारशाचा मान मिळून एक वर्ष झालं होतं.