निसर्ग आणि वास्तू : फे जोन्स यांच्या सेंद्रिय वास्तुकलेचा परिचय

प्रस्तावना :
मानवाने निवारा उभारताना निसर्गावर मात केली की त्याच्याशी संवाद साधला, हा वास्तुकलेतील मूलभूत प्रश्न आहे. अमेरिकेतील आर्कान्सा राज्याचे वास्तुविशारद ई. फे जोन्स (१९२१–२००४) यांनी आपल्या प्रार्थनागृहांतून व घरांतून या प्रश्नाचे उत्तर शोधले. त्या कार्याचा थोडक्यात परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पना :
सेंद्रिय वास्तुकला म्हणजे झाडापानांच्या आकारांची नक्कल नव्हे. जागा, साहित्य, उपयोग आणि रूप ही सजीवाच्या अवयवांप्रमाणे परस्परांशी निगडित असावीत, असा तिचा आशय आहे. फ्रँक लॉइड राइट यांनी हा विचार रुजविला. त्यांचे शिष्य असलेल्या जोन्स यांनी महानगराची वाट न धरता आर्कान्सा विद्यापीठात अध्यापन करीत ओझार्कच्या डोंगराळ प्रदेशात तो विकसित केला.

थॉर्नक्राउन चॅपल :
युरेका स्प्रिंग्ज येथील हे प्रार्थनागृह १९८० मध्ये पूर्ण झाले. ते २४ फूट रुंद, ६० फूट लांब व ४८ फूट उंच असून त्यास ४२५ खिडक्या आहेत. पॅरिसमधील तेराव्या शतकातील सेंत-शापेल ही त्यामागील प्रेरणा होय. मात्र गॉथिक वास्तूत उंच भिंतींना बाहेरून टेकूंचा आधार असतो. येथे परस्परांना छेदणाऱ्या लाकडी बंधांनी भिंतींना आतून धरून ठेवले आहे. रंगीत काचचित्रांची जागा पारदर्शक काचेने घेतली असून, त्यातून दिसणारे अरण्य हेच येथील चित्र आहे.

वृक्षतोड टळावी म्हणून दोन माणसांना जंगलातून वाहून नेता येईल इतक्याच आकाराचे लाकूड वापरण्यात आले. लहान तुकड्यांच्या पुनरावृत्तीतून निर्माण होणारी फांद्यांसारखी जाळी ही या मर्यादेचीच देणगी आहे. म्हणजेच येथे सौंदर्य हे संयमाचे फलित ठरते.

निवासस्थाने :
जोन्स यांच्या रचनांत घरांची संख्याच अधिक आहे. ईडन आइल येथील 'स्टोनफ्लॉवर' (१९६५) या घराचा खालचा भाग दगडी गुहेसारखा, तर वरचा भाग लाकडाचा, अरुंद व उंच आहे. गुहेतील सुरक्षितता आणि वृक्षावरील मोकळेपणा या दोन आदिम अनुभूती एकाच वास्तूत येथे एकत्र येतात.

समस्या :
ज्या वास्तूची भिंतच अरण्य आहे, तिचे जतन केवळ इमारतीच्या डागडुजीने होत नाही. २०१३ मध्ये थॉर्नक्राउनच्या परिसरातून उच्चदाब वीजवाहिनी नेण्याचा प्रस्ताव पुढे आला. चॅपलच्या एकाही काचेला धक्का लागला नसता, तरी तेथून दिसणारे दृश्य कायमचे बदलले असते. विरोधानंतर २०१४ च्या अखेरीस तो प्रस्ताव मागे घेण्यात आला; परंतु वारसा वास्तूची सीमा नेमकी कोठे संपते, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला.

निष्कर्ष :
१९९० मध्ये जोन्स यांना अमेरिकन वास्तुविशारद संस्थेचे सुवर्णपदक प्राप्त झाले. साध्या लाकडाच्या व स्थानिक दगडाच्या साहाय्याने श्रेष्ठ वास्तू निर्माण होऊ शकते, हे त्यांनी सिद्ध केले. तथापि अशा वास्तूचे आयुष्य तिच्या भोवतालावर अवलंबून असते. म्हणून वास्तुसंवर्धनाचा विचार परिसरासह होणे अगत्याचे आहे, असे म्हणावे लागेल.