शहापूरची न पुसलेली वेस

बेळगावात होळीनंतरचा रंग दोनदा खेळला जातो. धुळवडीला शहरातल्या गल्ल्या रंगून निघतात. रेल्वेरुळांच्या पलीकडे, कपिलेश्वर उड्डाणपूल उतरल्यावर लागणाऱ्या शहापूरचा रंग मात्र अजून बाकी असतो. शहापूर, वडगाव, होसूर, खासबाग या भागांत पिचकाऱ्या बाहेर निघतात त्या रंगपंचमीला. महानगरपालिका एक, रस्ते एकमेकांत मिसळलेले, माणसांची सोयरीक दोन्हीकडे, तरी सणाचा दिवस वेगळा. असं का, हे शोधायला निघालं की सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आपल्यापुढे उलगडतो.

शहापूर ही बेळगावची वस्ती पूर्वी नव्हतीच. ते होतं सांगलीचं!

१८०१च्या सुमारास मिरजेच्या पटवर्धनांमध्ये वाटण्या झाल्या आणि चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी सांगलीला आपली स्वतंत्र गादी मांडली. पुढे या संस्थानाचे सहा तालुके झाले: मिरज प्रांत, कुची, मंगळवेढा, तेरदाळ, शिरहट्टी आणि शहापूर. ही नावं आजच्या नकाशावर शोधून पाहा. मंगळवेढा सोलापूर जिल्ह्यात, कुची सांगली जिल्ह्यात, तेरदाळ बागलकोटात, शिरहट्टी गदग जिल्ह्यात आणि शहापूर थेट बेळगाव शहराच्या पोटात. एका राजाचा मुलूख आज दोन राज्यांत आणि पाच जिल्ह्यांत विखुरला आहे. तेव्हाही तो सलग नव्हताच. मध्ये दुसऱ्यांची गावं, दुसऱ्यांच्या चौक्या, दुसऱ्यांचे कायदे होते.

इकडे एप्रिल १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. त्यांनी तिथं लष्करी छावणी वसवली आणि १८३६ मध्ये बेळगाव हा स्वतंत्र जिल्हा केला. त्यामुळे बेळगावात कंपनी सरकारचा आणि नंतर राणीचा अंमल, तर पायी सहज जाता येईल अशा शहापुरात सांगलीकरांचा अंमल, अशी स्थिती झाली. दोन गावं एकमेकांना खेटून उभी, पण कचेऱ्या दोन, करपावत्या दोन आणि फिर्याद ऐकणारे दरबारही दोन. ही स्थिती थोडीथोडकी नाही, तब्बल १३० वर्षं टिकली.

स्वतंत्र गावाला लागतं ते सगळं शहापुरानं स्वतःसाठी उभं केलं. आज बेळगावात नवख्या माणसानं ‘खडेबाजार’ विचारला, तर त्याला उलट प्रश्न येतो, ‘कुठला? गावातला की शहापूरचा?’ बेळगावचा खडेबाजार वेगळा, शहापूरचा वेगळा. शहरं वाढताना नवी पेठ वसते तेव्हा तिला सहसा नवं नाव मिळतं. इथं एकाच शहरात एकाच नावाच्या दोन बाजारपेठा नांदतात, कारण दोन्ही आपापल्या गावच्या मुख्य पेठा होत्या. शहापूरच्या खडेबाजारात आजही साड्यांची दुकानं ओळीनं लागतात. जवळच सराफ गल्ली आहे. वडगाव-खासबागच्या बाजूला मागावर पोटं भरणारी विणकरांची वस्ती आहे. कापड विणणारे, ते विकणारे आणि सोनं घडवणारे असे हाकेच्या अंतरावर असल्यामुळे लग्नाचा बस्ता बांधायला येणाऱ्या कुटुंबांची पावलं शहापूरकडे वळतात.

याच भागात चिंतामणराव हायस्कूल आहे. हे नाव सांगलीच्या पटवर्धन घराण्यातलं. सांगलीची गादी इथून सुमारे १४० किलोमीटरवर, संस्थान केव्हाच विलीन झालेलं, शाळा कर्नाटक सरकारची आणि तरी तिच्या नावात सांगली टिकून आहे. दाखल्यावर ते नाव वागवणाऱ्या मुलांपैकी कितीजणांना आपण एका जुन्या संस्थानाची खूण खिशात घेऊन फिरतो हे ठाऊक असेल?

८ मार्च १९४८ रोजी सांगली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. बेळगाव आणि शहापूर यांच्यामधली सरकारी सीमा त्या दिवशी संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. १९७३ साली म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचं सरकारदरबारी बेळगावी झालं. म्हणजे पंचाहत्तरी गाठलेल्या शहापूरकरानं घर न बदलता राज्याची आणि शहराची नावं बदलताना पाहिली. या सगळ्या उलथापालथीत पत्त्यावरचा एक शब्द मात्र जागचा हलला नाही: शहापूर.

आणि हा शब्द काही दुर्मीळ नाही. ठाणे जिल्ह्यात शहापूर आहे, यादगीर जिल्ह्यात आहे, इचलकरंजीतही आहे. म्हणून केवळ नावावरून या वस्तीची ओळख पटत नाही. ती पटते तिच्या रंगाच्या दिवसावरून, तिच्या खडेबाजारावरून, शाळेवरून आणि आचार्य गल्ली, कोरे गल्ली, मीरापूर गल्ली, बसवण गल्ली अशा तिच्या गल्ल्यांच्या माळेवरून. नंतरच्या काळानंही या माळेत आपला मणी ओवला आहे. सीमाभागासाठी झगडलेले बॅरिस्टर नाथ पै यांचं १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात निधन झालं. शहापूरच्या चौकाला आज त्यांचं नाव आहे.

पुन्हा रंगाकडे वळू. सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात रंग रंगपंचमीला खेळतात आणि शहापूर आपल्या जुन्या राजधानीचा शिरस्ता पाळतं, असं जुनी मंडळी सांगतात. एखादा सण कोणत्या दिवशी करायचा हे कुठल्या गॅझेटात छापलेलं नसतं. आजोबांनी केलं ते वडिलांनी केलं, वडिलांनी केलं ते मुलं करतात. सरकारं हुकमानं बदलतात. सवय हुकमानं बदलत नाही, म्हणून ती सरकारांपेक्षा जास्त जगते.

असं जगात इतरत्रही घडतं. जर्मन अभ्यासकांनी अशा पुसलेल्या, तरी जाणवत राहणाऱ्या सीमांना ‘फँटम बॉर्डर’ असं नाव दिलं आहे. पोलंड १९१८ मध्ये पुन्हा स्वतंत्र झाला, त्याआधी तो जर्मनी, ऑस्ट्रिया आणि रशिया यांच्यात वाटला गेला होता. शंभर वर्षं उलटली तरी त्या देशाच्या रेल्वेच्या नकाशावर जुना जर्मन भाग ओळखता येतो, कारण तिथं रुळांचं जाळं दाट आहे. पोलंडची जुनी सीमा लोखंडात उरली, शहापूरची गुलालात.

या अंगानं पाहिलं तर आपला सगळा सीमाभागच अशा वेशींनी भरलेला दिसतो. दूधगंगेकाठचा सदलगा इंग्रजी अमलातल्या चिकोडी तालुक्यात होता, तर त्याच पट्ट्यातलं रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं. आसपास सांगलीची, कुरुंदवाडची, जमखंडीची गावं विखुरलेली होती. शेजारच्या दोन गावांच्या जत्रेच्या रिवाजात, मापाच्या नावांत, मानपानात फरक दिसला की आपण ‘त्यांच्याकडे तसंच असतं’ म्हणून सोडून देतो. त्या फरकामागे एखादी विसरलेली सरहद्द असण्याची दाट शक्यता आहे.

शहरं वाढताहेत. नव्या वसाहतींना ‘पहिला क्रॉस’, ‘दुसरा क्रॉस’ असे आकडे मिळताहेत. पत्ता सापडायला ते सोयीचं आहे, पण आकड्याला आठवण नसते. तेव्हा वाचकहो, तुम्ही सदलग्यात राहा, निपाणीत राहा किंवा बेळगावात, आपल्या गल्लीच्या नावाची चौकशी करा. ही गल्ली कुणाच्या अमलात होती, इथला बाजार कुणी वसवला, आपला सण शेजारच्या पेठेपेक्षा वेगळ्या दिवशी का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि मिळेल ते तारीख-वारासह वहीत उतरवून ठेवा. राज्यांचा इतिहास लिहायला सरकारं आहेत, गल्लीचा इतिहास गल्लीतल्या माणसांनीच लिहायचा असतो.