शाळेची कीर्ति आणि टोपलींतला चेंडू

प्रतिवर्षीं शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे ‘यंदां शेकडा किती?’ हा प्रश्न आम्हांस चार ठिकाणीं तरी ऐकावा लागतो. आणि त्याचें उत्तर देऊन होतें न होतें तोंच ‘बरें, सामन्यांतली ढाल कोणीं नेली?’ असा दुसरा प्रश्न येतो. शाळेची पारख करण्याचीं हीं दोन मापें कितपत खरीं, हें एकदां पाहावें असें पुष्कळ दिवस आमच्या मनांत होतें. घरचा प्रश्न घरच्या अंगणांत उभें राहून नीट दिसत नाहीं. म्हणून आम्ही अमेरिकेंतील फिलाडेल्फिया या शहराचें उदाहरण घेतों. तेथें कॅथलिक हायस्कुलें व कॉलेजें पुष्कळ, त्यांच्या विद्येची चर्चा घरोघर, आणि त्या चर्चेंत बास्केटबॉलचा विषय निघाल्यावांचून राहत नाहीं.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द. १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें, वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणवर्गांत, जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकांनीं हा खेळ बसविला. बाहेर हिंवाळा, आंत कवाइतीला कंटाळलेले विद्यार्थी. तेव्हां सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकून त्यांत चेंडू टाकण्याची युक्ति त्यांनीं काढिली. वाय. एम. सी. ए. च्या हातांनींच तो आपल्या देशांत पसरला. मुंबईच्या नागपाड्यांत, जेथें अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनीं १९२७ सालीं ‘नेबरहूड हाऊस’ स्थापिलें, तेथील गल्लींत त्याचीं मुळें इतकीं खोल गेलीं कीं अब्बास मुन्तसीर यांच्यासारखा भारताच्या संघाचा कर्णधार त्या वस्तींतून निघाला. जागा थोडी, साहित्य थोडें, आणि गडी पांचच. दाटीवाटीच्या शहरास यापेक्षां सोयीचा खेळ कोणता? नागपाड्यास जें लागू तेंच फिलाडेल्फियासहि लागू होतें.

त्या शहरांत एकोणिसाव्या शतकांत व विसाव्याच्या आरंभीं आयर्लंड, जर्मनी, इटली, पोलंड इत्यादि देशांतून आलेले कॅथलिक मजूर व कारागीर मोठ्या संख्येनें वसले. त्यांनीं आपापल्या वस्तींत देऊळ व शाळा बांधिली. आपल्याकडे एखाद्यास ‘आपलें गांव कोणतें?’ असें विचारतात, त्या चालीवर तेथील जुने लोक ‘आपलें पॅरिश कोणतें?’ असें विचारीत. हायस्कुलें मात्र दोन जातींचीं निघालीं. एक जात संन्यासी संघांनीं चालविलेल्या, प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या व फी आकारणाऱ्या शाळांची. जेझुइट फादरांनीं १८५१ सालीं काढिलेली सेंट जोसेफ्स प्रेपरेटरी स्कूल, जिला सर्व शहर नुसतें ‘प्रेप’ म्हणतें, आणि ख्रिश्चन ब्रदर्सनीं १८५८ सालीं काढिलेलें ला साल हायस्कूल, हीं दोन या जातीचीं ठळक उदाहरणें होत. दुसरी जात धर्मप्रांताच्या शाळांची. टॉमस केहिल नांवाच्या एका व्यापाऱ्यानें मृत्युपत्रांत ठेविलेल्या पैशांतून १८९० सालीं रोमन कॅथलिक हायस्कूल उघडलें. फी न घेतां शहरांतील सर्व पॅरिशांच्या मुलांस वरचें शिक्षण द्यावें हा त्याचा हेतु. त्यामागून मुलींसाठीं १९११ सालीं हॅलहन, मग १९१६ सालीं वेस्ट कॅथलिक, १९२६ सालीं नॉर्थईस्ट कॅथलिक अशी रांग लागली. यांचा भार मुख्यतः पॅरिशांनीं उचलला, आणि शिकविणारे फादर, ब्रदर व सिस्टर्स हे अत्यल्प वेतनावर राबले.

आतां विद्येची कीर्ति. कोणासहि विचारा, पहिलें नांव प्रेपचें निघेल. तेथें लॅटिनाबरोबर ग्रीक शिकविण्याची परंपरा होती; तेथून बाहेर पडणारीं मुलें बहुतेक सर्व कॉलेजांत जातात; वकील, न्यायाधीश, वैद्य यांचा तर तो आगरच. हें सर्व खरें आहे. १९६६ सालीं आगीनें शाळेचा मोठा भाग भस्म झाला, त्या वेळीं भोंवतालची वस्ती दरिद्री झालेली असतांहि शहर सोडून उपनगरांत जाणें शाळेनें नाकारिलें व त्याच जागीं नवी इमारत उठविली, हेंहि तिच्या कीर्तींत आम्ही आदरानें धरतों. परंतु तिच्या निकालाशेजारीं नॉर्थईस्ट कॅथलिकचा निकाल मांडून कोणी ‘पाहा अंतर!’ म्हणूं लागला, तर आम्हांस थांबावेंसें वाटतें. विसाव्या शतकाच्या मध्यास त्या शाळेंत चार हजारांवर मुलगे होते. गिरणींतल्या कामकऱ्याचा मुलगा आला तरी त्यास जागा होती. निवडून, पाखडून घेतलेल्या तांदळाचा भात मोकळा झाला, तर त्यांत सुगरणीचें कौशल्य किती व तांदळाचें किती, हें कोणीं सांगावें? प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या शाळेचा निकाल कोण आंत आलें हें प्रथम सांगतो, काय शिकविलें हें मागाहून. जो येईल त्यास घेणाऱ्या शाळेचा निकाल कमी दिसतो. पण त्यांतील प्रत्येक उत्तीर्ण मुलामागें झालेले श्रम त्या आंकड्यांत कोठेंच उमटत नाहींत. आमच्या मतें शाळांच्या विद्येची तुलना इतकी निष्फळ होते याचें मूळ येथें आहे. दोन शाळा एकाच ओळीवरून धांवूं लागतच नाहींत.

खेळाच्या मैदानांत मात्र ओळ एकच असते. टोपलीची उंची दहा फूट, ती श्रीमंतांसाठीं खालीं येत नाहीं. म्हणूनच, आम्हांस वाटतें, त्या शहरानें जी तुलना वर्गांत होऊं शकत नव्हती ती बास्केटबॉलच्या तक्तपोशीवर उरकून घेतली. १९५३ सालची गोष्ट पाहा. सरकारी शाळांच्या विजेत्यांची व कॅथलिक शाळांच्या विजेत्यांची शहराच्या अजिंक्यपदासाठीं गांठ पडत असे. ओव्हरब्रुक या सरकारी शाळेकडे विल्ट चेंबरलेन हा प्रचंड उंचीचा विद्यार्थी होता. पुढें जगांतील अग्रगण्य खेळाडूंत त्याची गणना झाली. वेस्ट कॅथलिकच्या मुलांनीं त्याच्याभोंवतीं एकदम चार चार गड्यांचें कडें केलें. त्यानें २९ गुण केले, तरी सामना वेस्ट कॅथलिकनें ५४-४२ असा जिंकला. ज्या पॅरिशांतल्या मुलांस प्रेपचें दार दिसलेंहि नव्हतें, त्यांच्या घरीं त्या रात्रीं काय वाटलें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

हायस्कुलांमागें कॉलेजें उभीं होतीं. शहरांत व त्याच्या वेशीवर पांच विद्यालयें बास्केटबॉलसाठीं प्रसिद्ध; त्यांपैकीं तीन कॅथलिक : ऑगस्टिनियन संघाचें व्हिलानोवा (१८४२), जेझुइटांचें सेंट जोसेफ्स (१८५१) व ख्रिश्चन ब्रदर्सचें ला साल (१८६३). पेन्सिल्व्हानिया विद्यापीठ व टेंपल हीं उरलेलीं दोन. १९५४ सालीं या पांचांनीं एकत्र येऊन ‘बिग फाइव्ह’ हा संघ केला. २०२३ पासून ड्रेक्सेल धरून ते सहा झाले, तरी नांव पांचांचेंच राहिलें आहे. त्यांचे सामने पेन्सिल्व्हानिया विद्यापीठाच्या ‘पॅलेस्ट्रा’ नामक क्रीडागृहांत होत. १९२७ च्या आरंभीं उघडलेल्या या इमारतीस हें नांव ग्रीक भाषेच्या एका प्राध्यापकानें सुचविलें. विद्येचा व चेंडूचा असा मेळ क्वचितच पाहावयास मिळतो. सुमारें ८,७०० प्रेक्षक खेळाडूंच्या अगदीं अंगाशीं बसत, आणि एके काळीं आपल्या संघाचा पहिला चेंडू टोपलींत पडतांच रंगीत कागदी फितींचा पाऊस पाडीत.

ला साल हायस्कूल पूर्वीं ला साल कॉलेजच्याच आवारांत भरत असे. १९६० सालीं तें विंडमूर येथें गेलें. त्या आवारांतून टॉम गोला हा विद्यार्थी निघाला. दूरदूरच्या कॉलेजांचीं बोलावणीं आलीं असतां त्यानें कुंपणापलीकडचें कॉलेज पत्करिलें, आणि १९५४ सालीं त्या लहानशा कॉलेजनें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. कॉलेजच्या चार वर्षांत परत उसळलेले २,२०१ चेंडू त्यानें पकडिले. हा विक्रम अद्यापि मोडलेला नाहीं. हें सर्वांस ठाऊक असतें. त्याच शाळेंतील पॉल ॲरिझिन याची कथा मात्र कमी सांगितली जाते, आणि आम्हांस ती अधिक मोलाची वाटते. शाळेच्या संघांत त्यास जागाच मिळाली नाहीं. तो रसायनशास्त्र शिकण्यासाठीं व्हिलानोवास गेला, पहिलें वर्ष संघाबाहेर राहिला, दुसऱ्या वर्षीं संघांत शिरला; पुढें व्यवसायी खेळाडूंच्या संघांत १९५२ व १९५७ या दोन सालीं सर्वांत अधिक सरासरी गुण त्याचेच होते. १९५६ सालीं फिलाडेल्फिया वॉरियर्सनीं अजिंक्यपद जिंकिलें तेव्हां शाळेनें डोक्यावर घेतलेला गोला व शाळेनें वगळलेला ॲरिझिन खांद्याला खांदा लावून खेळत होते. आपल्याच आंगणांतील मुलाची पारख करतांना इतकी चांगली शाळा चुकते, तर परीक्षेच्या एका सकाळीं कोण हुशार व कोण मठ्ठ हें ठरविणाऱ्यांनीं जरा सबुरीनें घ्यावें.

मुलींचा विषय टाळून चालणार नाहीं. शहराबाहेरील इमॅक्युलेटा हें सिस्टर्सचें लहानसें कॉलेज. त्याचें क्रीडागृह १९६७ सालीं जळालें होतें. खर्चासाठीं खेळाडू मुलींनीं दांत घासण्याचे ब्रश विकले व १९७२ सालीं अवघ्या आठ जणी इलिनॉयला राष्ट्रीय स्पर्धेस गेल्या. कॅथी रश यांच्या शिकवणीखालीं त्यांनीं वेस्ट चेस्टरला ५२-४८ असें हरविलें, आणि १९७३ व १९७४ सालींहि अजिंक्यपद राखिलें. वृद्ध सिस्टर्स पत्र्याच्या बादल्या बडवून त्यांस उत्तेजन देत! या मुली बहुतेक कॅथलिक कन्याशाळांत खेळ शिकलेल्या. सरकारी शाळांतून मुलींच्या खेळास फारसा पैसा मिळत नव्हता, त्या काळीं या शाळांत त्यांचे नियमित सामने होत, हें श्रेय त्या शाळांस दिलेंच पाहिजे.

चित्राची काळी बाजूहि आहे. १९६१ सालीं सेंट जोसेफ्सच्या संघानें राष्ट्रीय स्पर्धेंत तिसरा क्रमांक मिळविला. युटाविरुद्धचा तो सामना चार वेळां जादा वेळ देऊन १२७-१२० असा संपला. थोड्याच दिवसांत उघडकीस आलें कीं संघांतील तीन खेळाडू जुगाऱ्यांकडून पैसे घेत होते. क्रमांक काढून घेण्यांत आला. नीतिशास्त्र ज्या कॉलेजांत आवश्यक विषय, तेथें हें घडावें! खेळाच्या कीर्तीवर विसंबणाऱ्या संस्थेची मान तीन मुलांच्या हातीं असते, हें त्या वर्षीं दिसलें. वर्गांतल्या शेंकडों मुलांनीं मिळविलेली अब्रू एवढ्या लवकर उडत नाहीं.

आणि जय मिळाला तरी तो सर्वांच्या वांट्यास सारखा येत नाहीं. १९८५ च्या अंतिम सामन्यांत व्हिलानोवानें टाकलेल्या २८ चेंडूंपैकीं २२ टोपलींत घालून जॉर्जटाउनला ६६-६४ असें हरविलें. २०१६ व २०१८ सालीं पुनः अजिंक्यपद मिळविलें. सर्व देशास तें नांव ठाऊक झालें. परंतु ज्या लहान शाळांनीं पिढ्यान्‌पिढ्या त्या कॉलेजांस मुलें पुरविलीं, त्यांचें काय झालें? लोक उपनगरांत गेले, फादर-सिस्टर्सची संख्या घटली, पगारी शिक्षक ठेवावे लागले, फी वाढली आणि मुलें आटलीं. नॉर्थईस्ट कॅथलिक २०१० सालीं बंद पडलें. त्याच वर्षीं कार्डिनल डॉहर्टी हायस्कूलहि मिटलें. १९६० नंतरच्या दशकांत तेथें सहा हजारांच्या आसपास विद्यार्थी होते. हॅलहनच्या मुलींनीं २०२१ सालीं शेवटची घंटा ऐकिली. चेंबरलेनला हरविणारें वेस्ट कॅथलिकहि २०१२ च्या आरंभीं बंद होणाऱ्या चार हायस्कुलांच्या यादींत होतें. पण माजी विद्यार्थी व देणगीदार धांवून आले आणि दोन महिन्यांच्या आंत चारहि शाळा वांचल्या. निवड करणाऱ्या, फी घेणाऱ्या शाळा या वादळांत टिकल्या. ज्यांनीं सर्वांस आंत घेतलें त्यांच्यावरच घाला आला. आणि त्यांच्या भिंतीवर टांगलेल्या ढाली-पताकांनीं पगाराचा एक महिनाहि भागला नाहीं. वेस्ट कॅथलिकसाठीं पदर पसरणाऱ्यांत १९५३ ची रात्र आठवणारे वृद्ध किती होते व तेथें गणित शिकून पोट भरूं लागलेले किती, हें जमाखर्चांत लिहिलेलें नसतें.

डॉहर्टीच्या शेवटच्या काळांतला एक विद्यार्थी काइल लाउरी. तो तेथून व्हिलानोवास गेला, आणि २०१९ सालीं टोरॉंटोच्या संघाबरोबर व्यवसायी बास्केटबॉलचें अजिंक्यपद त्यानें मिळविलें. त्या वेळीं त्याची शाळा बंद होऊन नऊ वर्षें लोटलीं होतीं. खेळाडूंच्या यादींत त्याच्या नांवापुढें हायस्कूल म्हणून तीच छापिली जाते.